श्रावणातली मुंबई आणि जिवाचं मोल

मिरजेत एका हॉस्पिटलात मी मेडिकल सोशल वर्कर आहे, म्हणजे आयसीयूच्या बाहेर बसलेल्या नातेवाईकांशी बोलणं हे माझं रोजचं काम. पेशंट ब्रेन डेड झाला की अवयवदानाचं विचारायला मलाच पुढे करतात आणि बरेचदा उत्तर येतं, "आमच्या धर्मात चालत नाही ताई." हे उत्तर एकाच धर्माच्या घरातून येत नाही, सगळीकडून येतं. नेमकं काय चालत नाही, कुणी सांगितलंय, का सांगितलंय, हे विचारायची ती वेळ नसते, समोर आई रडत असते. पण प्रश्न डोक्यात राहतो. वाचून थोडंफार कळलं होतं, मला ते माणसांच्या तोंडून ऐकायचं होतं. श्रावणात सुट्टी मिळाली, गिरगावात आत्या आहे, आणि इतके सगळे धर्म लोकलच्या दोन-चार स्टेशनांत भेटतील असं गाव आपल्याकडे मुंबईच, म्हणून निघाले.

गुरुवार : गिरगाव, भुलेश्वर, वाळकेश्वर

महालक्ष्मी एक्सप्रेस वेळेत पोचली, पाऊस मात्र कल्याणपासून सोबत होता. आत्या चाळीत राहते, दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीत तुळस आणि कपड्यांच्या दोऱ्या. श्रावण म्हणून कांदा नसलेले पोहे केले होते, वर भरपूर ओलं खोबरं. खायच्या आधी तिने एक घास गॅलरीच्या कठड्यावर कावळ्याला ठेवला, भिंतीच्या कडेला मुंग्यांना चिमूटभर पीठ टाकलं आणि मग आपली डिश घेतली. लहानपणापासून हे बघत आलेय पण या वेळी जरा नीट बघितलं. आजोबा जेवायला बसताना ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालायचे, वैश्वदेवात कावळा, कुत्रा, मुंगी सगळ्यांचा वाटा असायचा. म्हणजे आपल्या घरात जीव म्हटलं की तो माणसापाशी थांबत नाही, आणि तो वाटा काढल्याशिवाय आपण जेवायचं नाही.

आत्याला सहज विचारलं, नेत्रदान करशील का. ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "नको बाई, पुढच्या जन्मी आंधळी जन्मेन." मी दधीची सांगितला, वज्रासाठी हाडं दिली त्याने, शिबी राजा सांगितला, कबुतरासाठी मांडीचं मांस कापून दिलं. तिला दोन्ही गोष्टी माझ्यापेक्षा चांगल्या माहीत. "ते ऋषी आणि राजे गं, मी साधी बाई," एवढंच म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि खरं सांगायचं तर वॉर्डात पण मी इथेच अडते. गीतेत जीर्ण कपड्याची उपमा आहे, शरीर टाकून आत्मा पुढे जातो, मग टाकलेल्या कपड्यातला तुकडा दुसऱ्याला दिला तर काय बिघडलं असं मला वाटतं. पण भीती श्लोकाने जात नाही.

दुपारी पाऊस उघडल्यावर चालत भुलेश्वरला. सी.पी. टँकच्या पुढे त्या गर्दीच्या गल्ल्यांत, बांगड्या, इमिटेशन दागिने, देवांचे कपडे यांच्या दुकानांमधून पांजरपोळात शिरलं की एकदम शेणाचा आणि ओल्या गवताचा वास. मुंबईच्या पोटात एवढी गुरं! लोक येतात, गवताची पेंढी किंवा लाडू विकत घेतात, गाईला भरवतात, हात जोडतात आणि ऑफिसला जातात. एक शर्ट-पँटमधला माणूस गाईच्या कपाळाला कपाळ टेकवून बराच वेळ उभा होता, पाठीला लॅपटॉपची बॅग तशीच.

या जागेमागची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. इंग्रजांच्या राज्यात मुंबईत भटकी कुत्री मारायचा हुकूम होता. १८३२ च्या जूनमध्ये त्यावरून दंगल उसळली आणि पुढे होते पारशी, कारण त्यांच्या धर्मात कुत्रा पवित्र. मग हिंदू, जैन, मुसलमानही त्यात आले, बाजार बंद पडला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय हे पारशी आणि अमीचंद शहा हे जैन, या दोघांनी मिळून हे पांजरपोळ उभं केलं. दोघांची कारणं वेगळी. पारशाला कुत्रा हा चांगल्या सृष्टीतला माणसाचा सोबती, जैनाला प्रत्येक जीव आपल्याइतकाच. पण गोठा एकच बांधला.

(जायचं असेल तर पावसाळ्यात चप्पल घट्ट घाला, फरशी निसरडी असते. सकाळी लवकर गेलात तर गर्दी कमी.)

इथेच कबुतरांचा विषय निघतो. २०२५ च्या पावसाळ्यात महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्री टाकून झाकला, केवढं आंदोलन झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. चाऱ्याच्या दुकानातल्या काकांना अजून ते दुःख आहे, "मुक्या जिवाला दाणा टाकायचा पण गुन्हा?" त्यांचं दुःख खरं आहे, मला त्यात ढोंग दिसलं नाही. पण कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसं कडक झालेले पेशंट, ज्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात, ते मी बघितलेत, ऑक्सिजनचं नळकांडं लावून संडासपर्यंत चालताना धापा टाकणारे. मी काकांना तसं सांगितलं. माझं मत असं की ज्याला श्वास घेता येत नाही त्याचा जीव आधी. काकांना पटलं नाही, पण त्यांनी मला बसायला स्टूल दिलं आणि चहा मागवला.

संध्याकाळी वाळकेश्वर. रिज रोडवरचं बाबू अमीचंद पनालाल आदीश्वर जैन देरासर, १९०४ सालचं, दारात दोन दगडी हत्ती, आत घुमटात राशीचक्र रंगवलेलं. चातुर्मास सुरू असल्याने साध्वीजी जवळच्या उपाश्रयात मुक्कामाला होत्या. पावसाळ्यात जमिनीवर इतके बारीक जीव आणि कोंब उगवतात की चालताना पायाखाली येणार, म्हणून चार महिने एकाच ठिकाणी राहायचं. आत्याच्या शेजारच्या शहा काकूंनी ओळख करून दिली म्हणून भेट झाली, नाहीतर अशा वेळी उगाच जाऊ नये.

साध्वीजी वयाने माझ्याहून लहान असाव्यात. बसायच्या आधी त्यांनी ओघ्याने, म्हणजे लोकरीच्या त्या मऊ झाडणीने, जागा हळूच झाडली, एकदा, मग परत एकदा, आणि मगच टेकल्या. बोलताना तोंडापुढे मुहपत्ती. मी विचारलं, पाणी उकळून पिता, रात्री जेवत नाही, इतकं सगळं बारीकसारीक जिवासाठी, मग संथारा, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारायचं व्रत, ते कसं? २०१५ मध्ये राजस्थान हायकोर्टाने संथाऱ्याला आत्महत्या ठरवून बंदी घातली आणि त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली, हे मला माहीत होतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, या व्रताचे दोष शास्त्रात सांगितलेत, त्यात अजून जगावं अशी इच्छा करणं हा दोष आहे आणि लवकर मरावं अशी इच्छा करणं हाही दोषच आहे. मी हे डायरीत जसंच्या तसं लिहून घेतलं. आयसीयूच्या बाहेर मी या दोन इच्छांमध्ये फाटणारी माणसं रोज बघते, एकच मुलगा सकाळी म्हणतो काहीही करा आणि संध्याकाळी म्हणतो सोडवा यांना.

अवयवदानाचं विचारल्यावर म्हणाल्या, सगळ्या दानांत अभयदान मोठं, जिवाला भीतीतून सोडवणं. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा. शहा काकू खाली उतरताना म्हणाल्या की त्यांच्या सासऱ्यांचे डोळे दिले होते, समाजात कुणी नाव ठेवलं नाही.

खाली बाणगंगेवर दिवे लागले होते. तलाव सुंदर आहे, पण पितृपक्षात पिंड आणि अन्न पाण्यात सोडतात आणि मग मासे मरून वर येतात अशा बातम्या अधूनमधून असतात. पितरांसाठी वाटा काढताना तिथल्या जिवंत माशाचा विचार राहून जातो, हे वाईट वाटतं.

शुक्रवार : मशीद बंदर, ग्रँट रोड, माहीम

या दिवसाने मला सगळ्यात जास्त दिलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सकाळी मशीद स्टेशनला उतरून सॅम्युअल स्ट्रीटवरचं शआर हारहमीम सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. १७९६ सालचं, मुंबईतलं सगळ्यात जुनं. हातगाड्या, मसाल्याची पोती, हमाल, "साइड साइड" चाललेलं आणि मधेच ही शांत इमारत. आधारकार्ड न्या, २६/११ नंतर सिनेगॉगमध्ये चौकशी असतेच आणि ती रास्त आहे. शनिवारी जाऊ नका, शब्बाथ म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस असतो.

आत भेटलेले काका बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, अगदी कोकणी वळणाचं मराठी. त्यांचे पूर्वज अलिबागेकडे तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे. काकांनी सिनेगॉगची गोष्ट सांगितली. सॅम्युअल दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते, टिपूच्या सैन्याच्या हाती सापडले, मरण समोर होतं पण बेने इस्राएली आहेत कळल्यावर सुटले, असं सांगतात. जीव वाचला म्हणून परत आल्यावर हे देऊळ बांधलं, आणि नाव दिलं दयेचं दार.

मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, जीव वाचवायचा तर तुमच्यात नियम मोडता येतो का? काका लगेच म्हणाले, "येतो काय, मोडायलाच लागतो." शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही, गाडी चालवायची नाही, पण कुणाच्या जिवावर बेतलं तर गाडी काढायची, वाट बघत बसणाराच चुकला. योम किप्पूरचा कडक उपास, पण आजारी माणसाला आणि बाळंतिणीला गरज पडली तर खायला घालायचं. धर्माच्या आज्ञा जगण्यासाठी दिल्यात, त्यांच्यापायी मरण्यासाठी नाही, असं तालमूद हा त्यांचा धर्मग्रंथ सांगतो. आणि मग त्यांनी मिश्नातलं, म्हणजे तालमूदच्या मूळ भागातलं, ते वचन सांगितलं, सुमारे १८०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं, की ज्याने एक जीव वाचवला त्याने जणू सगळं जग वाचवलं. कारण देव माणूस घडवताना एकापासून सुरू झाला, त्या एकात सगळे होते.

ब्रेन डेथचं विचारलं तेव्हा मात्र ते सावध झाले. हृदय धडधडत असताना माणूस मेला असं म्हणायचं का, यावर त्यांच्या रब्बींमध्ये, म्हणजे धर्मगुरूंमध्ये, अजून दोन तट आहेत. इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या मंडळाने १९८० च्या दशकातच ब्रेन-स्टेम डेथ, म्हणजे मेंदूचा देठ मेला की माणूस गेला हे, मान्य केलं, दुसरे मानत नाहीत. दोन्ही बाजूंची चिंता एकच, जिवंत माणसाला चुकून हात लागायला नको.

काकूंनी घरून डबा पाठवला होता त्यातला मलिदा मला दिला, पोहे, गूळ, ओलं खोबरं, केळ्याचे काप. नवस फेडताना, एलियाहू पैगंबराचं नाव घेऊन करतात. गुरुवारी आत्याकडे पोहे, शुक्रवारी इथे पोहे! मटणाचं पण सांगितलं, आधी पाण्यात भिजवून, मीठ लावून रक्त सगळं काढतात कारण रक्तात जीव असतो असं तोरा हा त्यांचा मूळ धर्मग्रंथ सांगतो, आणि मांसाबरोबर दूध चालत नाही म्हणून रस्सा नारळाच्या दुधातला. मांस खातात पण जिवावर हक्क सांगत नाहीत, असं मला त्यातून कळलं.

दुपारी ग्रँट रोडला स्टेशनसमोरच्या इराण्याकडे. मावा केक दुपारपर्यंत संपतो, सकाळीच जा. मला शेवटचे दोन मिळाले. टेबल शेअर करायला लागलं आणि समोर बसल्या होत्या एक पारशी बाई, सत्तरीच्या, निवृत्त नर्स! मग काय, गप्पा थांबेनात. "डीकरा, तू मिरजेची? तिथे आमची एक बॅचमेट होती." 

डुंगरवाडीत, म्हणजे पारशांच्या अंत्यविधीच्या जागेत, आपल्याला आत जाता येत नाही आणि जायचा हट्टही करू नये, पण त्यांनी बसल्या बसल्या सगळं सांगितलं. अग्नी, माती, पाणी ही अहुरमज्दाची पवित्र सृष्टी, प्रेताने ती बाटू नये म्हणून दोखमा, प्रेत उघड्यावर ठेवायचा गोल बुरूज. आधी कुत्र्याला प्रेत दाखवतात, सगदीद, मरण खरंच झालंय का हे त्याच्या नजरेला कळतं असं मानायचे. आणि मग गिधाडं. "आमचं शेवटचं दानच देहाचं होतं," त्या म्हणाल्या. "आता खाणारं कोण राहिलं?"

गिधाडं गेली ती डायक्लोफेनॅकने. गुरांना दुखू नये म्हणून दिलेलं औषध, ते अंगात असताना मेलेलं जनावर गिधाडाने खाल्लं की त्याच्या किडन्या निकामी. १९९० नंतर देशातली गिधाडं जवळजवळ संपली, २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद केलं तोवर फार उशीर झाला होता. काल ज्या गाईच्या कपाळाला माणूस कपाळ टेकून उभा होता ती डोळ्यासमोर आली. गाईवर दया केली आणि गिधाड गेलं, गिधाड गेलं आणि एका समाजाचा हजार वर्षांचा अंत्यविधी अडला. आता डुंगरवाडीत सूर्याची उष्णता एकवटणाऱ्या काचा लावल्यात, पण पावसाळ्यात ऊन कुठून आणणार. काही जण वरळीला विद्युतदाहिनी निवडतात, तिथे २०१५ पासून प्रार्थनेसाठी हॉल आहे, आणि त्यावरून समाजात मोठा वाद आहे. अवयवदानाला जुन्या मताचे दस्तुर, म्हणजे पारशी धर्मगुरू, विरोध करतात, बाईंनी मात्र स्वतःचं डोनर कार्ड पर्समधून काढून दाखवलं. "मी ४० वर्षं पेशंट बघितले. मला कोण शिकवणार?"

संध्याकाळी माहीम. मखदूम अली माहिमींचा दर्गा, १४व्या-१५व्या शतकातले मोठे विद्वान, कुराणावर त्यांनी भाष्य लिहिलंय. डिसेंबरच्या उरुसात मुंबई पोलिसांचा मान असतो. त्यांची गोष्ट सांगतात ती मला फार आवडली, आईने रात्री पाणी मागितलं, हे घेऊन आले तोवर तिला झोप लागली, तर हे पेला हातात धरून पहाटेपर्यंत उभे. शुक्रवारची गर्दी होती, शांतपणे बघायचं तर दुसऱ्या वारी या. डोकं झाकायला ओढणी न्या.

बाहेर हलव्याच्या दुकानापाशी एका कोकणी मुसलमान चाचांशी ओळख झाली, रत्नागिरीकडचे, मदरशात शिकवतात. मी सकाळचं मिश्नातलं वाक्य सांगितलं, तर ते हसले आणि म्हणाले, "हे तर आमच्या सूरह माइदात आहे." पाचव्या सूऱ्यातली ३२वी आयत, ज्याने एक जीव घेतला त्याने जणू सगळी माणसं मारली आणि ज्याने एक जीव वाचवला त्याने जणू सगळ्या माणसांना जीवन दिलं. आणि पुढे त्यांनी जे सांगितलं त्याने मी उभ्या जागी थांबले. त्या आयतीची सुरुवातच अशी आहे की आम्ही बनी इस्राईलसाठी हे लिहून दिलं. म्हणजे कुराण स्वतःच सांगतं की ही आज्ञा आधी कुणाला दिली होती. सकाळी ज्या समाजाच्या माणसाकडून ऐकलं, संध्याकाळी त्याच समाजाचं नाव घेऊन तेच वाक्य, मधे लोकलचा अर्धा तास.

नियम मोडायचं विचारलं. उपासमारीने मरत असेल तर हराम पण खाल्लं तर गुन्हा नाही, रमजानमध्ये आजाऱ्याला, गरोदर बाईला रोजा पुढे ढकलता येतो. जनावर कापताना सुरी धारदार हवी आणि जनावराला ती दिसायला नको, अल्लाचं नाव घेतल्याशिवाय जीव घ्यायचाच नाही, कारण तो जीव तुझा नाही. अवयवदानावर मात्र चाचा म्हणाले, उलेमांत एकमत नाही. जेद्दाच्या फिकह अकादमीने, म्हणजे इस्लामी धर्मकायद्याच्या मंडळाने, १९८८ मध्ये अटी घालून परवानगी दिली. आपल्याकडच्या आणि पाकिस्तानातल्या बऱ्याच मुफ्तींचा विरोध आहे. कारण दोघांचं एकच, शरीर ही अमानत आहे. एक म्हणतो दुसऱ्याची ठेव आहे म्हणून द्यायची नाही, दुसरा म्हणतो ठेव ज्याची आहे त्याच्याच लेकरासाठी वापरायची.

जाता जाता माहीम कोळीवाड्याच्या बाजूला होड्या बघायला गेले. नारळी पौर्णिमा जवळ आलेली, होड्यांना रंग देणं चाललं होतं. जून-जुलै सरकारी मासेमारी बंदी असते, पण जाळी विणत बसलेली कोळीण मावशी म्हणाली, "सरकार आत्ता आलं, आमच्यात पहिल्यापासूनच हाय. गाबोळी भरलेली मासळी कोन मारतं?" मासे मारून पोट भरणाऱ्या बाईने माशाच्या अंड्यांची बाजू इतक्या सहज घेतली.

शनिवार : कान्हेरी

बोरिवलीहून नॅशनल पार्क. सोमवारी बंद असतं हे लक्षात ठेवा. पार्कचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं. गेटपासून लेणी लांब आहेत, बसची वाट बघा पण चालत जायचा उत्साह पावसात नको. माकडं हातातली पिशवी ओढतात, खाणं सॅकच्या आत ठेवा.

पावसात कान्हेरी बघायलाच हवी. शंभराच्या वर लेणी, प्रत्येकाला दगडात कोरलेले पाट आणि पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, डोंगरावर पडलेलं पाणी अजून त्याच वाटेने पोढीत उतरतं. हे भिक्खूंच्या वर्षावासासाठी. पावसाळ्यात भिक्खू फिरतात आणि हिरवं गवत, किडेमुंग्या तुडवतात अशी लोकांनी तक्रार केली तेव्हा बुद्धाने वर्षावासाचा नियम घालून दिला असं विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, आहे. वाळकेश्वरच्या साध्वीजी ज्या कारणाने थांबल्या त्याच कारणाने इथे माणसं थांबायची. भिक्खूच्या मोजक्या वस्तूंत पाणी गाळायचं फडकंही असायचं.

तीन नंबरच्या चैत्यात घाटकोपरहून आलेलं एक कुटुंब स्तूपासमोर बसून त्रिशरण-पंचशील म्हणत होतं. पाणातिपाता वेरमणी, जीव घेणार नाही, ही पहिली प्रतिज्ञा, आणि त्या दगडी कमानीखाली आवाज असा घुमत होता की मी पण मागे बसून घेतलं. नंतर त्यांनीच जेवायला बोलावलं. भाकरी, ठेचा आणि सुक्या बोंबलाची चटणी. माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न काकूंना कळला असावा. म्हणाल्या, बाबासाहेबांनी लिहिलंय, मारायची इच्छा वेगळी आणि मारायची गरज वेगळी, अहिंसा हे तत्त्व आहे, डोळे मिटून पाळायचा नियम नाही. मग जरा थांबून म्हणाल्या, "ताई, चवदार तळ्यावर गुरं पाणी प्यायची, कुत्री प्यायची. माणूस प्याला तर मारत होते. जीव पवित्र म्हणणाऱ्यांनी आधी ते सांगावं."

यावर मी काही बोलले नाही, बोलायला नव्हतंच. १९२७ चा महाड सत्याग्रह शाळेत शिकले होते, पण आत्याच्या गॅलरीतला कावळ्याचा घास आणि हे तळं एका रेषेत कधी ठेवलं नव्हतं. त्याच काळात, त्याच घरांतून, मुंगीला पीठ निघत होतं आणि माणसाला ओंजळभर पाणी निघत नव्हतं. धर्म जिवाला किती मानतो हे विचारताना जीव म्हणून कोणाला मोजतो हे आधी विचारायला हवं, हे मला त्या काकूंनी शिकवलं.

नव्वद नंबरचं लेणं थोडं आडबाजूला आहे, वॉचमनला विचारा. तिथे अवलोकितेश्वर हा करुणेचा बोधिसत्त्व आहे, भोवती आठ भयं कोरलेली, सिंह, हत्ती, आग, साप, चोर, बुडणारं जहाज वगैरे, प्रत्येक संकटात माणूस हात जोडून आणि बोधिसत्त्व धावून आलेला. परवा साध्वीजींकडून ऐकलेलं अभयदान इथे दगडात. आणि त्याच लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, इ.स. १००९ आणि १०२१ चे, बघायला आलेल्या पारशांनी आपली नावं कोरून ठेवलीयत! ग्रँट रोडच्या बाईंना हे सांगायला हवं होतं, नंबर घेतला नाही.

रविवार : वांद्रे, आणि परत

माऊंट मेरीला रिक्षा वरपर्यंत जाते. सप्टेंबरची जत्रा टाळायची असेल तर ऑगस्ट बरा. बाहेरच्या स्टॉलवर मेणाचे अवयव असतात, हात, पाय, डोळे, हृदय, तान्हं बाळ, घर सुद्धा. ज्याचं जे दुखतं ते घेऊन मारियाला वाहायचं. आयसीयूतल्या शरीराचे सगळे भाग मेणात ओळीने मांडलेले, मला तिथून हलवेना. एक साडी नेसलेली बाई, कपाळाला कुंकू, बाळ घेत होती. स्टॉलवाल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिश्चन, मावशीने ते कागदात गुंडाळताना बाळाचं डोकं तळहातावर धरलं, खऱ्या बाळाचं धरतात तसं.

चर्चमध्ये भेटलेल्या सिस्टर पूर्वी हॉस्पिटलात काम केलेल्या. माणूस देवाच्या प्रतिमेत घडलाय, म्हणून गर्भात आल्या क्षणापासून ते शेवटपर्यंत त्याच्या जिवाला हात लावायचा नाही, यावर कॅथलिक चर्च ठाम. गर्भपाताच्या प्रश्नावर मी त्यांच्याशी सहमत नाही, पेशंट बायकांची अवस्था मी बघितलीय, तसं बोलले पण. पण व्हेंटिलेटरबद्दल त्या म्हणाल्या, १९५७ मध्येच पोप पायस बारावे यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगितलं होतं की असाधारण उपाय करत राहायचं बंधन नाही. मारणं वेगळं आणि जाऊ देणं वेगळं. अवयवदानाला २००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रेमाची कृती म्हणून पाठिंबा दिला, ब्रेन डेथची खात्री झाल्यावर.

मग आमचं बोलणं अरुणा शानबागवर आलं. केईएमची नर्स, १९७३ मध्ये हल्ला झाला, २०१५ पर्यंत त्याच हॉस्पिटलात. २०११ मध्ये तिचा मृत्यू मागणारा अर्ज सुप्रीम कोर्टाने फेटाळला, त्याच निकालात पॅसिव्ह युथनेशियाचं, म्हणजे उपचार थांबवून मरण येऊ देण्याचं, दार उघडलं, आणि केईएमच्या नर्सेस शेवटपर्यंत अर्जाच्या विरोधात. ४२ वर्षं बेडसोर होऊ दिला नाही असं त्यांच्याबद्दल सांगतात. त्या नर्सेस कुठल्या कुठल्या धर्माच्या होत्या हे कुणी विचारलं नाही.

परत गिरगावात येऊन बॅग भरली. आत्याने वाटेत खायला नारळीभात डब्यात दिला, लवंग टाकून. मी चार दिवसांत ऐकलेलं सगळं तिला सांगत होते, मलिदा, गिधाडं, पेला घेऊन उभा राहिलेला मुलगा. पुढचा जन्म आंधळा यावर ती अजून ठामच होती. पण स्टेशनला निघताना जिन्यात विचारलं, "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे चालतात का गं?"

चालतात. चष्मा असला तरी, बीपी-शुगर असली तरी, कारण बुबुळावरचा पारदर्शक पडदा घेतात. नेत्रदानाला ब्रेन डेथ लागत नाही, माणूस घरी गेला तरी होतं, फक्त सहा तासांच्या आत. लगेच जवळच्या आयबँकेला फोन करायचा, पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी, पंखा बंद. आधी फॉर्म भरला नसेल तरी घरच्यांच्या संमतीने होतं. ब्रेन-स्टेम डेथमध्ये १९९४ च्या कायद्याप्रमाणे डॉक्टरांची टीम सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते, तोवर कुणी काही काढत नाही, आणि या मधल्या वेळात नातेवाईकांनी आपल्या मौलवींना, महाराजांना, फादरना, भन्तेंना फोन लावायचा असेल तर जरूर लावावा. मी आता वॉर्डात स्वतःहूनच सांगते, लावा फोन, मी थांबते.